मुरब्याचा गडू

बोईसर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की एका बाजूला कारखान्यांच्या चिमण्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूला ताडांची रांग. वारा चिमण्यांकडून आला की नाकात औषधाच्या दुकानासारखा वास भरतो, समुद्राकडून आला की सुक्या मासळीचा. माघातली सकाळ होती, वारा दोन्हीकडून येत होता, आणि मी हातात पिशवी धरून माझ्या मावसभावाची, सुहासची, वाट पाहत होते.

तासगावात आमची बचत गटाची शेड आहे. सुका कचरा येतो, आम्ही बायका तो हाताने निवडतो. लोखंड, पत्रा, डबे, वायरी सगळं एकत्र. सुहास इथे एका कारखान्यात व्यवस्थापक आहे आणि तिथे कचऱ्यातून धातू वेगळे करायचं मशीन आहे, असं कळल्यावर गटाने मला पाहून यायला सांगितलं. मीच का, तर माझं भांड्यांचं दुकान आहे. पितळ कुठलं आणि तांबं कुठलं हे मला कळतं. जाताना मंडळींनी आणखी एक काम सांगितलं होतं. परत आल्यावर सगळं लिहून काढायचं. तेच हे लिहिते आहे. गटाला अपेक्षित होतं तसं ते झालेलं नाही.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. मोठी शेड, बाहेर कचऱ्याचे ढीग, आत कानठळ्या बसवणारा आवाज. आधी एक भलंमोठं गोल चाळणीसारखं पिंप फिरतं, त्यातून माती गळून जाते. मग उरलेला माल रबरी पट्ट्यावरून सरकतो आणि वर टांगलेलं चुंबक त्यातलं लोखंड उचलून घेतं. खिळे, बोल्ट, टोपणं टपाटप वर चिकटतात. इथवर मला नवल वाटलं नाही. नवल पुढे होतं.

दुसऱ्या पट्ट्याच्या टोकाला एक ढोल होता. "ह्याच्या पोटात चुंबकं गरागरा फिरतायत," सुहास माझ्या कानात ओरडला. "बघ आता."

पट्ट्यावरून प्लास्टिक आलं, लाकडाचा तुकडा आला, ते टोकाशी येऊन गुमान खाली पडले. त्यांच्यामागून शीतपेयाचा चेपलेला डबा आला, आणि कोणी टिचकी मारावी तसा टुणकन उडून फळीपलीकडच्या पेटीत जाऊन पडला. मी हसलेच. त्यानंतर भांड्याचं झाकण उडालं, वायरीचा तुकडा उडाला.

"ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही ना?" मी विचारलं.

"धरत नाही, ढकलतं. चुंबक एवढ्या वेगाने फिरलं की त्या धातूत क्षणभर वीज खेळते. मग धातूच चुंबकासारखा वागतो आणि ढोल त्याला लोटून देतो. ॲल्युमिनियम हलकं, ते लांब जातं. पितळ जड, ते फळीच्या अलीकडे-पलीकडे कुठेही पडतं. म्हणून शेवटी बायका लागतातच."

मशीन चालवणारा बिहारी कामगार माझ्यावर नजर ठेवून होता. "मॅडम, हाथ पीछे," तो दर थोड्या वेळाने म्हणायचा, कारण मी सारखी वाकत होते.

शेवटच्या टेबलाशी जव्हारकडची एक बाई बसली होती. जनी तिचं नाव. पावसाळ्यात स्वतःच्या खाचरात भात लावायचा आणि पीक निघालं की इकडे कामाला यायचं, असं तिचं वर्ष. उडून आलेल्या मालातून ती पितळ एका टोपलीत आणि तांबं दुसऱ्या टोपलीत टाकत होती. मी तिच्या शेजारी बसकण मारली आणि पितळेच्या टोपलीत हात घातला. नळाच्या तोट्या, कुलपं, बिजागऱ्या. त्यांच्या खाली एक लहान गडू होता. पोटाला पोचा पडलेला, गळ्याशी काळं धरलेलं. मी पदराने पुसला तर कुशीवर ठिपक्यांची अक्षरं दिसली.

दुकानात मी स्वतः भांड्यांवर नावं घालते. अशी अक्षरं मला अंधारातही बोटांनी वाचता येतील. "चि. मंदाकिनीस आईकडून. मुरबे."

"मुरबे कुठे आलं?" मी विचारलं.

"दर्यावर," जनी म्हणाली. "कोळ्यांचा गाव हाय." तिने गडू माझ्या हातून घेतला, उलटासुलटा केला आणि परत माझ्याच हातात दिला. "कोनाचा तरी हाय."

मी सुहासला म्हटलं, हा मला दे, मी मुरब्याला जाऊन परत करते. तो हसला. "वसू, इथे रोज अशी भांडी येतात. त्यांच्यामागे कुठे फिरणार?" पण मी हट्टाला पेटले होते. आईने लेकीला दिलेलं भांडं कचऱ्यातून निघून पुन्हा घरी पोचतंय, याहून गोड काय असणार? मी गडूचा फोटो काढला आणि गटाच्या बायकांना पाठवला. हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडला. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

संध्याकाळी सुहासने मला शिरगावला नेलं. समुद्राला लागून किल्ला, दगडी बुरुज, आणि आवारात फांद्या फुटलेलं माडासारखं एक झाड. किल्ल्याबाहेर वाडीत राहणाऱ्या एका काकींनी आम्हाला विहिरीचं पाणी दिलं आणि पिशवीत पपया घातल्या. त्यांनाही मी गडूची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मुलगी खूश होईल हो." मीही तेच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच निघाले आणि पहिल्याच पावलाला चुकले. पालघरच्या स्टँडवर ज्या गाडीत बसले ती सातपाटीला गेली. सातपाटी खाडीच्या अलीकडे, मुरबे पलीकडे. एका दुकानदाराने सांगितलं, "आता उलट कुठे जाता? होडीनं जा." म्हणून मी होडीत बसले.

होडीत बाजाराला आलेल्या मुरब्याच्या बायका होत्या. अबोलीच्या वेण्या, मांडीवर रिकाम्या टोपल्या. एकीने विचारलं, "कोनाकडं चाललाव?" आणि मी, विचारणाऱ्याचीच वाट पाहत असल्यासारखी, पिशवीतून गडू काढला. नाव वाचून दाखवलं. कारखाना, चुंबक, ढोल, सगळं सांगितलं. बायकांनी गडू हातोहात फिरवला.

"मंदा? खालच्या आळीतली?"

"हां, तीच. ती आल्येच की माहेरी, दिवाळीपासून."

"मग चला, आमीच नेतो."

पाणी संथ होतं, बगळे चिखलात उभे होते. या प्रवासवर्णनाचा शेवट मी त्या होडीतच मनाशी लिहून टाकला. म्हातारी आई, डोळ्यांत पाणी, हातात गडू.

मुरब्यात शिरल्यावर आधी दिसतात वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव). जबड्यात जबडा अडकवून बोंबील जोडीजोडीने लटकवलेले, वाऱ्याने हलणारे. त्यांच्यामधून आम्ही चाललो. होडीतल्या बायका वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, "मंदाचा गडू मिळालाय, बोईसरला!" दारांतून माणसं बाहेर येत होती. खालच्या आळीत पोचेस्तोवर आमची लहानशी मिरवणूकच झाली होती, आणि तिच्या पुढे मी.

घर कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. मंदाची आई उंबऱ्यात बसून जवळा निवडत होती. वाळलेली, ताठ बसणारी बाई. मी नमस्कार केला, तासगावहून आले म्हणून सांगितलं आणि गडू तिच्या हातात ठेवला. तिने तो ओळखला. अंगठा अक्षरांवरून फिरला.

"थांबा, असाच धरा," मी म्हटलं आणि फोटो काढला.

तेवढ्यात मागच्या बाजूने मंदा आली. तिशीची असेल. हाताला मासळीचे खवले चिकटलेले होते. तिने आईच्या हातातला गडू पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुठं मिळाला?"

"बोईसरला. कचऱ्यातून धातू काढायचं मशीन आहे ना, तिथे."

"कचऱ्यात?"

मागे कोणीतरी म्हणालं, "अगो, कचऱ्यात?"

आई पटकन म्हणाली, "चोरी झाली असंल. जावय नाय ना घरी. कंपनीनं वापीला पाठवलाय त्याला, घर बंद हाय. चोरानं नेला असंल."

या क्षणी मी नुसतं "असेल" म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण माझं भांड्यांचं दुकान आहे ना. मला कळतं ना. मी म्हटलं, "नाही हो आजी, चोर कशाला पितळ कचऱ्यात टाकेल? त्याने विकलं असतं. हे घरातूनच कुणीतरी टाकलंय."

आईने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून विसरता येत नाही. त्या नजरेत राग नव्हता. उभं राहायला कोणी जागा देईना म्हटल्यावर माणूस जसं बघतं, तशी ती नजर होती. मागच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक जण हळूच म्हणाली, "म्हंजे सोडलंन की काय तिला?" आणि मग मला कळलं. मंदा दिवाळीपासून माहेरी आहे, आणि जावई वापीला गेलाय हे आईने गावाला सांगितलेलं आहे. ते मी दारात येऊन, मिरवणूक घेऊन, खोटं ठरवलं होतं.

"जा आता घरी," आई बायकांना म्हणाली. "भांडं आलं, बघितलाव. जा."

त्या गेल्या. मलाही जायचं होतं, पण आई म्हणाली, "तू बस. लांबून आलीस, उपाशी जाऊ नको."

मी बसले. तिने तांदळाची भाकरी वाढली, बोंबलाचं कालवण वाढलं. इतकं चवदार कालवण मी पूर्वी खाल्लं नव्हतं. मी म्हटलं, "आजी, मला माहीत नव्हतं."

"तुला कशाला माहीत असंल," ती म्हणाली. "पन विचारायचं तरी होतंस. मला एकटीला."

मंदा हात धुऊन समोर येऊन बसली. तिचं सासर उमरोळीला. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात. दिवाळीला माहेरी आली ती आलीच. न्यायला कोणी आलं नाही, फोन उचलायचे बंद झाले. "आई म्हनते, बाईची भांडी घरात हायत म्हंजे बाईची जागा घरात हाय," ती म्हणाली. "मी पन तेच धरून बसलेली. रोज वाटायचं, आज येईल." तिने गडू जमिनीवर ठेवला. "आता कळलं."

तिचं लग्न मोडल्याची बातमी मी घेऊन आले होते. तीही हसत हसत.

ती रडली नाही. म्हणाली, "उद्या मला तिकडं न्याल? त्या मशीनवर? आनखी काय टाकलंय ते बघायचंय."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

सकाळी ती गडू पिशवीत घालून बोईसरला आली. सुहासने दोन दिवसांपूर्वीच्या मालाजवळ नेलं. पितळेची बरीचशी खेप वितळवायला गेली होती. जनीने काम सोडून उरलेली टोपली जमिनीवर ओतली आणि दोघी जणी चाळत बसल्या. मीही बसले, पण मला काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं.

"काय काय होतं गो तुझं?" जनीने विचारलं.

"तांब्याचा हंडा. पितळेचा डबा. समई."

"तेवढं मोठं मशीनवर येत नाय. कचरा उचलनारेच काढून घेतात."

मंदाचे हात थांबले. "नाय," ती म्हणाली. "ते टाकलंच नसंल. त्याच्यावर माझं नाव नाय. याच्यावर नाव हाय, विकायला गेला असता तर भंगारवाल्यानं वाचलं असतं. म्हनून हाच टाकला." ती उठली, साडी झटकली. "बाकी सगलं घरातच हाय."

जनीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. आम्ही समोरासमोर बसलो. मला पालघरला उतरून सुहासच्या घरून सामान घ्यायचं होतं, रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं. मंदाला उतरायचं होतं उमरोळीला. बोईसर सुटल्यावर खिडकीतून खाऱ्या पाण्याची खाजणं, गवताच्या गंज्या, एखादी वीटभट्टी दिसत होती. ती बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "ताई, तुमी चला माझ्याबरोबर."

"मी?"

"भांडन करू नका. फक्त सांगा, गडू कुठं मिळाला. मी सांगितलं तर सासू म्हनेल खोटं बोलते. तुमी बाहेरच्या, शिकलेल्या. तुमचं ऐकतील."

एवढंच मागितलं होतं तिने. सबंध गावाला मी ते न विचारता सांगितलं होतं. आता एका घरात सांगायचं होतं, जिथे त्याचा उपयोग होता.

मी म्हटलं, "अगं, माझी गाडी चुकेल. आणि घरगुती गोष्ट आहे, मी परकी बाई मध्ये कशी बोलू?"

तिने मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे तिला माहीत होतं. गाडी थांबली. ती पिशवी छातीशी धरून उतरली आणि मागे न बघता फलाटावरून चालू लागली.

गाडी चुकायची नव्हती, हे मी लिहून ठेवते. भरपूर वेळ होता. मला भीती वाटली होती. कोणीतरी मला "तुम्ही कोण?" असं विचारेल, याची.

पालघरला उतरले. स्टेशनबाहेर चहा घेतला, तो तसाच ठेवला. सुहासच्या घराकडे रिक्षा करायची सोडून मी परत तिकीट काढलं आणि उलट दिशेच्या गाडीची वाट पाहत बसले. ती यायला फार वेळ लागला. उमरोळीला उतरले तर मंदा पुलाच्या सावलीत बाकावर बसली होती. पायाशी तांब्याचा हंडा, त्यात डबा, आणि एक गाठोडं.

मला पाहून तिला आश्चर्य वाटलं. "तुमी कशाला आलाव?"

"तुझ्याबरोबर यायला."

"झालं की," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. तिने सांगितलं ते असं. दार सासूने उघडलं. नवरा घरीच होता, तो आतून बाहेरच आला नाही. सासू म्हणाली, कचऱ्यात टाकला कोण म्हणतं, तूच कुठे तरी हरवला असशील. तेव्हा शेजारच्या घरातली बाई ओट्यावर आली आणि म्हणाली, मी पाहिलाय टाकताना, दिवाळीनंतरच्या साफसफाईत, आणि खोटं बोलू नका. मंदाचं तिच्याशी कधी फारसं बोलणंही नव्हतं. ती बाई मंदा सामान बाहेर काढेपर्यंत तिथे उभी राहिली, मग हंडा उचलून स्टेशनपर्यंत आली. समई मात्र मिळाली नाही.

"मी यायला हवं होतं," मी म्हटलं.

"हां," मंदा म्हणाली. "यायला पायजे होतं."

तिच्या आवाजात रागही नव्हता आणि क्षमाही नव्हती. मी मनात क्षमेची वाट पाहत होते, हे ती न मिळाल्यावर मला कळलं. मग बोईसरकडची गाडी आली. हंडा चढवायला मी हात लावला, तेवढं तिने लावू दिलं. गाडी सुटली आणि मी पलीकडच्या फलाटावर गेले.

तासगावला परत आल्यावर गटाने मला हार घातला. फोटो सगळ्यांनी पाहिला होता. म्हातारीच्या हातातला गडू त्यांना फार आवडला होता. एकीने तो मोठा करून शेडमध्ये लावायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही. मशीनची माहिती दिली. आपल्याएवढ्या शेडला ते परवडणारं नाही, एक साधं लोहचुंबक पुरेल आणि बाकी हातांनीच करावं लागेल, हेही सांगितलं. ते सगळं खरं होतं आणि सांगायला सोपं होतं.

उरलेलं सांगायला मला बरेच दिवस लागले. आपण दुसऱ्याचं भलं करायला निघतो तेव्हा त्याच्या दारात आधी स्वतःला पोचवतो, आणि त्याला कोणती गोष्ट झाकून ठेवायची आहे हे विचारायचं राहून जातं. परोपकाराची हौस मला लहानपणापासून आहे. तिची किंमत कोणीतरी दुसरं देतं, हे मी पन्नाशीत शिकले. आणि शिकूनही उमरोळीला तिच्याबरोबर खाली उतरले नाही.

लिहिण्याआधी सुहासकडून निरोप पाठवून मंदाला विचारलं. ती आता बोईसरच्या बाजारात आईची सुकी मासळी विकायला बसते. सुहासची बायको तिच्याकडूनच बोंबील घेते. मी विचारलं होतं की हे छापलं तर चालेल का, तुझं आणि गावाचं दोन्ही नावं बदलते. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, सुहासने जसंच्या तसं सांगितलं:

"नाव बदला. गाव राहू द्या. गावाला तर तुमीच सांगितलंय."